घरात तीन बंदुका, कायदा म्हणतो दोनच: वारशाने आलेली शस्त्रं विकायची तरी कशी?

खंडेनवमीला पूजेत तलवारीशेजारी बंदूक मांडणारी घरं महाराष्ट्रात अजूनही आहेत. कुणाच्या आजोबांची बाराबोअर, कुणाच्या काकांचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर, एखाद्या जुन्या इनामदार घराण्यात शिकारीच्या काळातली विलायती रायफल. वर्षानुवर्षं तेल लावून, कापडात गुंडाळून जपलेली. पण ज्यांच्या नावावर परवाना आहे ते आता ऐंशीच्या घरात पोचलेले असतात आणि मुलाबाळांना त्यात फारसा रस नसतो. मग एक दिवस घरात विषय निघतो, हे सगळं विकून टाकायचं का? आणि विकायचं तर कुणाला?

जुनी गाडी विकायची तर फोटो काढून ऑनलाइन टाकला की संध्याकाळपर्यंत दहा फोन येतात. बंदुकीच्या बाबतीत असा फोटो टाकणं हीच पहिली चूक ठरू शकते. गंमत म्हणजे इथे चुकीचं पाऊल टाकलं तरी गुन्हा होतो आणि काहीच पाऊल न टाकता बंदूक कपाटात पडू दिली तरी होतो.

तीनचे दोन झाले, ते कधी?

भारतात बंदुकांचा सगळा कारभार १९५९ च्या शस्त्र कायद्यावर चालतो. अनेक वर्षं एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली. सरकारचा मूळ प्रस्ताव तर एकच बंदूक ठेवू द्यायचा होता. त्यावर बरीच ओरड झाली, विशेषतः पंजाबसारख्या राज्यांतून, आणि शेवटी आकडा दोनवर आला. १४ डिसेंबर २०१९ पासून हा नियम लागू आहे. परवान्याची मुदत मात्र याच दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षं केली.

ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त बंदुका होत्या त्यांनी हव्या त्या दोन ठेवायच्या आणि उरलेल्या एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायच्या, असं कायद्याने सांगितलं. ते वर्ष नेमकं कोरोनाचं निघालं. त्या गडबडीत ही मुदत कुणाच्या लक्षात राहिली नसेल तर नवल नाही. पण लक्षात नव्हतं हे कारण कोर्टात चालत नाही. बेकायदा बंदूक बाळगल्याची किंवा जमा न केल्याची शिक्षा आता दोन ते पाच वर्षं तुरुंगवास आणि दंड अशी आहे.

वारसाहक्काने आलेल्या बंदुकीलाही ही दोनची मर्यादा चुकत नाही. म्हणजे मुलाच्या नावावर आधीच दोन असतील तर वडिलांची तिसरी त्याला मिळणार नाही, मग ती कितीही जिव्हाळ्याची असो. सर्वसामान्य माणसासाठी ‘संग्रह’ या शब्दाला कायद्याने फारशी जागाच ठेवलेली नाही. सवलत आहे ती नेमबाजांना. २०२० मध्ये केंद्र सरकारने नामांकित आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या खेळाडूंसाठी ही मर्यादा वाढवली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठीच्या पॉइंट २२ रायफलीच्या बाबतीतही दोनचा नियम लागू होत नाही. घरात कुणी क्लबचा सदस्य असेल तर पॉइंट २२ घाईने विकण्याआधी एवढं तपासायला हवं.

बंदूक मालकीची, परवाना नाही

इथेच बहुतेक कुटुंबांचा घोळ होतो. बंदूक ही मालमत्ता आहे. ती वारसांना मिळते, विकता येते, तिचे पैसे वाटून घेता येतात. परवाना मात्र त्या एका माणसाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर संपतो. वडील गेल्यानंतर बंदूक वारसांच्या मालकीची होते, पण ती घरात ठेवण्याचा हक्क त्यांच्यापैकी कुणालाच नसतो. कायद्याच्या कलम २१ नुसार अशा वेळी विनाकारण उशीर न करता ती पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेराव्यानंतर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू, असं म्हणता म्हणता वर्ष उलटतं आणि कपाटातली बंदूक बेकायदा होऊन बसते. काडतुसांचंही तसंच.

जमा केली म्हणजे गेली, असा अनेकांचा समज आहे आणि भीतीपोटीच लोक जमा करायचं टाळतात. प्रत्यक्षात जमा करणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला ती परवाना मिळाल्यावर परत घेता येते, किंवा तिथूनच पात्र व्यक्तीला विकायला सांगता येतं. विक्रीचे पैसे त्याचेच. ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही तर मात्र जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. त्याआधी नोटीस देऊन तीस दिवसांत म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ही नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि वारस असतात ठाण्या-पुण्यात, ही वेगळी गोष्ट.

म्हणूनच सर्वात सोपा मार्ग हयातीतला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावे परवान्यासाठी सुचवू शकतो. वारसाची पात्रता, पोलीस पडताळणी, इतर वारसांची संमती हे सगळं लागतंच. पण सह्या करायला, कागद कुठे ठेवलेत ते सांगायला मूळ मालक समोर असतो, याचं मोल नंतर कळतं.

विकायची झाली तर

दोन रस्ते आहेत. एक, स्वतः ग्राहक शोधायचा. खासगी वापराची, रीतसर बंदूक विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही, पण अट आहे. कोणती बंदूक, कुणाला, त्याचं नाव-पत्ता काय, हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखांना लेखी कळवायचं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त. कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे आणि मगच बंदूक हातातून सोडायची. घेणाऱ्याकडे परवाना हवा, त्यावर त्या प्रकारच्या बंदुकीला जागा हवी आणि परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक हवा. घेणाऱ्याचा हक्क आधी तपासला नाही तर तोही देणाऱ्याचा गुन्हा ठरतो. परवान्याची व्हॉट्सॲपवर आलेली झेरॉक्स म्हणजे तपासणी नव्हे. ज्या कार्यालयाने तो दिला तिथे विचारून घेणं हीच तपासणी.

दुसरा रस्ता परवानाधारक विक्रेत्याचा. किंमत कमी येते, कारण त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत माल सांभाळायचा असतो. पण कागदपत्रांची त्याला सवय असते आणि अनोळखी माणसाशी थेट संबंध येत नाही. घरात जाणकार कुणी नसेल, परवानाधारक वारलेले असतील किंवा वारसांत एकमत नसेल, तर चार पैसे कमी घेऊन विक्रेत्याकडे जाणंच शहाणपणाचं. बंदुकीचा दर्जा खरंच वरचा असेल तरच स्वतः ग्राहक शोधण्याची यातायात परवडते. त्यातही दोन-तीन दुकानांत दाखवून भाव विचारलेला बरा.

ठेवायच्या दोन कोणत्या, हा निर्णय अनेकदा भावनेवर होतो आणि नंतर जड जातो. .३०३ रायफल किंवा ९ एमएम पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं. त्याचा परवाना जिल्ह्यात नव्हे, केंद्रीय गृहमंत्रालयाकडून मिळतो. असं शस्त्र विकत घेऊ शकणारी माणसंही मोजकीच. ते कागदोपत्री आधी मार्गी लावावं आणि साधी बाराबोअर मागे ठेवावी, हा क्रम व्यवहाराला धरून आहे. बाराबोअर कधीही विकता येते, जरी फार पैसे देत नसली तरी.

किंमत येते कुठून?

परदेशात किरकोळ भावाला मिळणारं जुनं रिव्हॉल्व्हर भारतात लाखांत का जातं, याचं उत्तर आयातीत आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला बाहेरून बंदूक आणण्याचा रस्ता जवळपास बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या विलायती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरांची संख्या ठरलेलीच राहिली आणि त्यांचा भाव चढत गेला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर हाच बराच काळ मुख्य पर्याय होता. अलीकडे वेबली अँड स्कॉट या जुन्या इंग्रज कंपनीच्या नावाची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनू लागली. जुन्याच्या भावावर याचा परिणाम होणं साहजिक आहे.

उलट शॉटगनचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, त्यामुळे हौशी गिऱ्हाईकही संपलं. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोन्ही बाजूंनी कोंडी केली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक काढावी लागली, आणि जे घेऊ शकले असते त्यांची एक जागा कमी झाली. विकणारे वाढले, घेणारे घटले. अशा बाजारात आजोबांच्या बाराबोअरला मनासारखा भाव आला नाही म्हणून विक्रेत्यावर चिडण्यात अर्थ नाही.

शिकारीच्या मोठ्या रायफलींबद्दल मात्र जास्त गैरसमज आहेत. यूट्यूबवर लंडनच्या लिलावातले आकडे पाहून साताऱ्यातल्या रायफलीची किंमत ठरवली जाते. पण ती रायफल लंडनला जाणारच नसते. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असली तरी शस्त्र निर्यातीला परवाना लागतोच. शिवाय तिची काडतुसं इथे मिळणं कठीण. म्हणजे ग्राहक भारतातलाच हवा, परवाना आणि जागा असलेला हवा, आणि शौकीन हवा. नळीवर कोरलेलं कंपनीचं किंवा कोलकात्यातल्या मँटनसारख्या जुन्या दुकानाचं नाव, मूळ पेटी, खरेदीची पावती यांनी भाव वाढतो, म्हणून पेटी रद्दीत देऊ नये. भिंतीवरचं वाघाचं मुंडकं मात्र कुठल्याच भावाला विकता येत नाही. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी त्याची विक्री कायद्याने बंद आहे.

संग्रहातलं एखादं शस्त्र ‘क्युरिओ’ म्हणजे पुराणवस्तूसारख्या वर्गात बसत असेल, तर २०२० च्या नियमानुसार ते नुसतं बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला किंवा दुसरीकडे न्यायला लागतो. पण आपली ठासणीची बंदूक या वर्गात बसते की नाही हे घरच्या घरी ठरवू नये. ती अजून उडत असेल तर वाद निर्माण होणारच.

कोकणातला तिढा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात संग्रह वगैरे काही नसतो, असते ती एक बंदूक, शेतीच्या राखणीची. रानडुकरं आणि वानरांपासून पीक वाचवण्यासाठी कायद्यातच ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. बाबा गेले की मुलगा चाकरमानी, राहायला डोंबिवलीत. तो शेती कसत नाही, मग पीक संरक्षणाचा परवाना मागायचा कुठल्या आधारावर? निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक तशीच राहिली असेल तर ती गंजत पडते. अशा घरात गावी राहून शेती करणाऱ्या भावाच्या नावे रीतसर अर्ज करणं किंवा ठाण्यातूनच ती विकायला काढणं, हे दोनच मार्ग हाती उरतात.

आणि सोशल मीडिया?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामने खासगी व्यक्तींमधल्या बंदूक विक्रीवर जानेवारी २०१६ पासून बंदी घातली आहे. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपवर चर्चा चालतात, पण तिथे घरात कोणतं शस्त्र आहे आणि घर कुठे आहे हे शेकडो अनोळखी लोकांना सांगितलं जातं, हा धोका कायद्याच्या आधी चोरीचा आहे. परवाना नसलेल्या माणसाला बंदूक विकली गेली तर आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

पैशांचंही एक. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. ‘निम्मे रोख, निम्मे चेक’ हा जमिनीच्या व्यवहारातला रिवाज इथे आणू नये. बँकेतून आलेल्या पैशाची नोंद विकणाऱ्याच्याच कामी येते.

व्यवहार झाला, बंदूक गेली, की लोक निश्चिंत होतात. पण विकणाऱ्याच्या परवान्यावरची त्या बंदुकीची नोंद आपोआप जात नाही. शस्त्र परवाना शाखेत जाऊन ती कमी करून घ्यावी लागते आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्यावी लागते. पुढे ती बंदूक कुठल्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीस सर्वात आधी नोंदीतल्या नावाच्या दारात येतात.