गादीचा दत्तक आणि घराचा दत्तक

वैनगंगेकाठचा भंडारा जिल्हा पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. हा मुलूख थेट इंग्रजांच्या अमलाखाली गेला, तो रणांगणावरील पराभवामुळे नव्हे. कारण ठरले एक नाकारलेले दत्तकविधान.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्याने आप्तांपैकी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव जानोजी ठेवले. डलहौसीने हा वारस मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती-घोडे लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेले.

विसंगती अशी की तिसरे रघुजी स्वतःच दत्तक होते. १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाल्यावर दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला, आणि तोही कंपनीच्या संमतीने! पस्तीस वर्षांत धर्मशास्त्र तेच राहिले, कंपनीची गरज तेवढी बदलली; या प्रदेशाच्या कापसाचे मोल डलहौसी ओळखून होता. १८५७ च्या उठावानंतर जानोजींचे दत्तकविधान मान्य झाले खरे, पण हाती आली देऊरच्या राजेबहादुरांची पदवी. राज्य गेले ते गेलेच.

ही कथा सांगताना सारा रोष डलहौसीवर निघतो आणि तो रास्तच आहे. मात्र त्या वादात दोन्ही बाजूंना वारस हवा होता किंवा नको होता. मुलाच्या हिताचा प्रश्न कोणाच्याच मनात नव्हता. वंश आणि पिंडदान हाच तेव्हाच्या दत्तकाचा गाभा. म्हणूनच १९५६ पर्यंत हिंदू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे मुलगी दत्तक घेता येत नसे.

१९५६ च्या कायद्याने ती वाट मोकळी केली आणि दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देण्याघेण्यास बंदी घातली. अनाथ व परित्यक्त मुलांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे. सप्टेंबर २०२२ पासून त्याखालील दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. २०१७ च्या नियमावलीत घराच्या पाहणीसाठी ६,००० आणि संस्थेच्या बालसंगोपन निधीसाठी ४०,००० रुपये ठरवलेले होते. याला ‘मुलाची किंमत’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात संगोपनाचा खर्च आहे आणि मूल कोणत्या घरी जाते हे तपासण्याचा खर्च आहे.

खरी उणीव दुसरीकडे आहे. १९५६ च्या कायद्याने नात्यागोत्यात मूल दिले, तर घेणाऱ्याचे घर कोणी पाहायला येत नाही. तीच पाहणी दोन्ही मार्गांना लागू व्हायला हवी. तोवर निदान दत्तकपत्र नोंदवावे. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय दत्तक कायदेशीर झाल्याचे गृहीत धरते. मुद्रांक कागदावरच्या साध्या करारास तो आधार मिळत नाही.