हेर, निर्वासित आणि लॉजची नोंदवही

परदेशी माणूस मुक्कामास आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारास कळविली पाहिजे, हा नियम वसई, नालासोपारा, अर्नाळा येथील लॉजवाल्यांस नवा नाही. परंतु त्याचे मूळ कोठे आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. युरोपात दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमले असता १९३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने परकीयांच्या नोंदणीचा कायदा केला आणि हॉटेल चालविणाऱ्यांवर पाहुण्याची माहिती देण्याची जबाबदारी टाकली. मुंबईत त्या काळी जर्मन पेढ्या होत्या, नाझी पक्षाची शाखाही होती. तेव्हा सरकारची भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही.

नोंद झाली, पण पारख झाली नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले जाताच जर्मन पुरुषांची सरसकट धरपकड सुरू झाली व त्यांची रवानगी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत झाली. त्यांत हिटलरचे कट्टर अनुयायी होते, पाद्री होते, आणि हिटलरच्याच छळाने देशोधडीस लागलेले ज्यू निर्वासितही होते. ज्याच्या भीतीने पळाला, त्याच्याच पंगतीस बिचाऱ्यास बसविले! कारण काय, तर दोघांचा पासपोर्ट एक. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली, तेव्हा अनेक निर्वासित सुटले. जी चौकशी युद्धापूर्वी, नोंदी हाती असताना करावयाची, ती माणसे कोंडल्यावर झाली.

तो कायदा आता राहिला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा अमलात आला असून माहिती देण्याचा भार त्याने विद्यापीठे व रुग्णालये यांवरही घातला आहे. आमच्या व्यापारी बंधूंनी ही नोंद कधीही टाळू नये. एका फॉर्मचे श्रम वाचविण्यात शहाणपण नाही. मात्र गोरा दिसला तर साहेब आणि काळा दिसला तर गुन्हेगार, ही जी पारख आपल्या गावांत कातडीवरून चालते, तिच्यासाठी त्या फॉर्मात रकाना नाही हेही त्यांनी ध्यानी धरावे. आणि सरकारास आमची विनंती अशी की, शांततेच्या दिवसांतच प्रत्येक संशयिताचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासणारे मंडळ नेमावे, व ज्यास अडकवून ठेवावयाचे त्यास त्याचे कारण त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावे.