आरोग्यचिंतन : रक्तवाहिनीचें अस्तर व कुष्ठरोगांतील दाह

शिंदखेड्याहून आमच्या एका वाचकभगिनीनें विचारिलें आहे कीं, घरांतील एका कर्त्या पुरुषास कुष्ठरोगाचें औषध सुरू होऊन चार महिने झाले. पाठीवरील चट्टा फिका पडत चालला होता, तोंच तो एकाएकीं लाल होऊन सुजला आणि कोपरापासून करंगळीपर्यंत कळा येऊं लागल्या. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, औषध उष्ण पडलें, तें बंद करावें. तर काय करावें? प्रश्न एका घरचा असला तरी त्याचें उत्तर पुष्कळांच्या उपयोगीं पडण्याजोगें आहे, म्हणून या वेळचें सदर आम्ही त्यासच देत आहों. निर्णय आधींच सांगतों : औषध बंद करूं नये, आणि एक दिवसही न दवडतां डॉक्टरांस गांठावें. आतां त्याचें कारण पाहूं.

नॉर्वे देशांतील बर्गेन येथें हान्सेन यांनीं १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढिला. हा जंतु विलक्षण मंदगति आहे. एकाचे दोन होण्यास त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. शरीराचे थंड भाग त्यास मानवतात, म्हणून त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेजवळून जाणारे मज्जातंतु हीं त्याचीं आवडतीं स्थानें होत. पण घट्ट वेष्टनांत गुंडाळलेल्या मज्जातंतूंत तो शिरतो कसा? अमेरिकेंत आर्माडिलो नांवाचा एक कवचधारी प्राणी आहे. त्यासही हा रोग होतो. त्याचे मज्जातंतु तपासून स्कोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं असें दाखविलें कीं, मज्जातंतूच्या वेष्टनांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या व लसिकावाहिन्यांच्या अस्तरांतच जंतु ठाण मांडून बसलेले असतात. म्हणजे आंत शिरण्याचा एक मार्ग तेथूनच असावा.

हें अस्तर म्हणजे पेशींचा अवघा एकपदरी थर. पण त्याची योग्यता मोठी आहे. पांझरेच्या खोऱ्यांतील फडपद्धति आमच्या खानदेशी वाचकांस ठाऊकच आहे. तेथें पाट नुसता वाहत नाहीं. पाण्यावर पाटकऱ्याची नजर असते, आणि ठरल्या वेळीं ठरल्या फडांतच तें सोडलें जातें. रक्तवाहिनीचें अस्तर हा असाच शरीरांतील पाटकरी होय. रक्तांतून काय बाहेर जाऊं द्यावें व काय अडवावें, हें तें ठरवितें.

शरीराच्या प्रतिकारशक्तीस जंतूंची ओळख पटली कीं, पांढऱ्या पेशी त्या जागीं धांव घेतात. वाहत्या रक्तांतून त्यांना बाहेर पडतां यावें म्हणून अस्तराच्या पेशी आपल्या अंगावर चिकट रेणूंचे जणूं आंकडे उभे करतात. त्यांत अडकून पांढऱ्या पेशी थांबतात व सांध्यांतून पलीकडे जातात. याच वेळीं सांधे सैल झाल्यामुळें पाणीही झिरपतें आणि सूज येते. त्वचेवरील सुजेस पसरावयास जागा असते, पण मज्जातंतु म्यानांत असतो. तेथें सूज आली कीं तंतु दाबले जातात, त्यांचा रक्तपुरवठा खुंटतो, आणि थोड्याच काळांत बोटांतील बळ जातें. यासच डॉक्टर लेप्रा रिॲक्शनचा पहिला प्रकार म्हणतात. तेव्हां हा औषधाचा उष्णपणा नव्हे. शरीर जंतूंशीं जें युद्ध करतें त्याची ही झळ आहे. औषध सुरू होण्यापूर्वीं, तें चालू असतांना, किंवा तें संपल्यानंतरही ती लागूं शकते.

ज्यांच्या अंगांत जंतूंचा भरणा फार असतो, त्यांस दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया होते. ताप येतो, अंगावर लाल, दुखऱ्या गांठी उठतात, सांधे धरतात, डोळा लाल होतो. यांतही लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींस दाह होतो. मेक्सिकोंत लुसिओ व अल्वाराडो यांनीं १८५२ सालीं वर्णिलेल्या एका उग्र प्रकारांत तर अस्तर जंतूंनीं भरून रक्तवाहिन्याच बुजतात व त्वचा मरते. सुदैवानें आपल्याकडे तो विरळा.

उपाय आहेत. मूळ रोगावरील औषधें सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि सहा वा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. प्रतिक्रियेवर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. हातापायाचें बळ गेल्यास सहा महिन्यांच्या आंत हें औषध मिळालें तर तें परत येण्याची आशा मोठी असते. उशीर झाल्यास वांकडीं झालेलीं बोटें बहुधा तशींच राहतात. हें औषध मनानें घेऊं नये व एकाएकीं सोडूंही नये. दुसऱ्या प्रकारावर कधीं कधीं थॅलिडोमाइड देतात, पण गर्भावर त्याचे परिणाम भयंकर होतात. म्हणून गर्भधारणेचा संभव असलेल्या स्त्रीनें त्यापासून दूरच राहावें. रोग्याच्या गृहिणीनें रोज दोन गोष्टी पाहाव्या : करंगळी पूर्वींइतक्या जोरानें अंगठ्याकडे व बाहेर वळते काय, आणि डोळे पूर्ण मिटतात काय.

राहिला प्रश्न लोकलज्जेचा. पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें तो उघड मांडिला नाहीं, पण ओळींमध्यें तो दिसतो. हा रोग जातकूळ पाहत नाहीं. संस्कृताचे पंडित परचुरे शास्त्री यांस तो झाला, आणि सेवाग्रामच्या आश्रमांत गांधीजींनीं त्यांची शुश्रूषा स्वतः केली. त्याच वर्धा भागांत दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठसेवेचें कार्य आरंभिलें. औषध सुरू होतांच रोग्यापासूनची संसर्गाची भीति लवकरच नाहींशी होते, आणि बहुतेक माणसांच्या अंगीं या जंतूस पुरून उरण्याची शक्ति निसर्गतःच असते. कायद्यानेंही २०१९ सालीं कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण रद्द केलें. मग वेगळें ताट आणि वेगळी खोली कशासाठीं? घरांतील इतरांनीं एकदां तपासून घ्यावें, एवढें पुरे.

चट्टा लपविल्यानें कुलाची अब्रू राहत नाहीं. हात मात्र कायमचा जातो. ज्या हातानें घर चालावयाचें, तो वांचविण्यास अजून वेळ आहे.