लुगडं सोडल्यावर उरते ती कोण?



मुरूडजवळच्या एका गावात गौरीच्या जागरणाला बचत गटाच्या बायकांनी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता. सचिन पिळगांवकरांनी १९८८ साली दिग्दर्शित केलेला हा चित्रपट आमच्याकडे बायकांना तोंडपाठ आहे. घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देते, म्हणून परशुरामची ‘पार्वती’ होते, सुधीरची ‘सुधा’ होते आणि चार पुरुषांची दोन जोडपी बनतात. मीही पोट धरून हसले. लग्नाच्या शिक्क्याशिवाय डोक्यावर छप्पर मिळत नाही, हे हा चित्रपट हसत हसत सांगून जातो. एकट्या बाईला ते वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना गटातली एकजण हळूच म्हणाली, “ताई, ते लुगडं सोडतात नि पुन्हा पुरुष होतात. मी काय सोडू? नवऱ्यावर माझा जीव आहे, ते खोटं नाही. लग्नाआधी एका मैत्रिणीवर होता, तोही खोटा नव्हता. मग मी कोण?”

तिच्या परवानगीने, ओळख लपवून हे लिहिते आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मला याचे उत्तर कुणी शिकवले नव्हते. शब्दसुद्धा धड नाही. ‘उभयलिंगी’ म्हणावे, तर तो शाळेत गांडुळाच्या धड्यात भेटलेला शब्द. ‘उभयलैंगिक’ म्हटले, तर तिला तो आपला वाटत नाही.

या चित्रपटातले हसू एका खात्रीवर उभे आहे. साडीच्या आत पुरुषच आहे, हे आपल्याला ठाऊक असते. शेवटी सोंग उतरते, बाईला पुरुष मिळतो, पुरुषाला बाई. एक खरे, दुसरे सोंग. दोन्ही खरे असू शकते, याला तिथे जागाच नाही.

पण दोष एकट्या चित्रपटाला का द्यावा? १९९८ साली ‘फायर’ दाखवणाऱ्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तेव्हा अनेक स्त्री संघटना त्या चित्रपटाच्या बाजूने उभ्या राहिल्या. ते योग्यच होते. मात्र त्यातला एक नवरा ब्रह्मचर्याच्या मागे लागलेला, दुसरा बाहेर गुंतलेला. नवऱ्याने दुर्लक्ष केले म्हणून बाई बाईकडे वळली, असे समजून घेणे आपल्याला सोपे गेले. जिचा नवरा बरा आहे आणि जिचे त्याच्यावर प्रेम आहे, तिला मात्र आपण विचारतो, “मग ते तुझं नक्की काय होतं? नुसती मैत्रीच ना?” म्हणजे तिचे एक प्रेम आपणही सोंगात काढतो.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्पर संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढले. तिची भीती पोलिसांची नव्हतीच. तिला घर मोडायचे नाही, आणि खोटेही ठरायचे नाही.

तेव्हा आपल्या समुपदेशनाच्या खोलीत एवढे तरी पाळूया. अशा बाईला ‘एक काय ते ठरव’ म्हणायचे नाही. तिच्या वतीने नवऱ्याला वाईट ठरवायचे नाही. तिची गोष्ट तिच्या घरी पोहोचू द्यायची नाही. आणि ‘बनवाबनवी’ पुन्हा लागला, की पोटभर हसून झाल्यावर तिचा प्रश्न गटात मांडून बघा. कोण बोलते, यापेक्षा कोण गप्प बसते, तिकडे लक्ष असू द्या.