पुरस्कार कादंबरीकाराला, कादंबरीला नाही



साहित्य अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, "वा वा, अभिनंदन, आता वाचायला हवं." दुसरी, "सगळं लॉबिंग असतं हो, खरं चांगलं कधी पुढे येतं का?" मला दोन्ही पटत नाहीत. पहिली आळशी आहे आणि दुसरी त्याहून आळशी. कंपू, ओळखीपाळखी, विद्यापीठातली राजकारणं हे सगळं असेलही. पण उत्तम कथा-कादंबऱ्या पुरस्कारातून का निसटतात, याचं मुख्य कारण माणसांच्या वाईटपणात नाही, व्यवस्थेच्या रचनेत आहे असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, हा बग नव्हे, डिझाइनच तसं आहे.

आधी नियम बघू. अकादमी १९५५ पासून पुरस्कार देते. दरवर्षी एका भाषेला एकच मुख्य पुरस्कार. त्या एका जागेसाठी कादंबरी, कथा, कविता, नाटक, समीक्षा, चरित्र, आत्मचरित्र, ललित लेख सगळे एकाच रांगेत. पुस्तक ठरावीक वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेलं हवं. सध्या ही मुदत पाच वर्षांची आहे. आणि एका लेखकाला हा पुरस्कार आयुष्यात एकदाच.

आता मराठीची यादी घेऊन बसा. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत कथा-कादंबरीला किती वेळा मिळाला? मी मोजले, आठ वेळा. 'भूमी', 'उत्सुकतेने मी झोपलो', 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', 'आलोक', 'उद्या', 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आणि 'रिंगाण'. उरलेली बारा वर्षं कविता, समीक्षा, चरित्र वगैरे. त्या बारा पुस्तकांबद्दल तक्रार नाही. पण वीस वर्षांत आठच जागा म्हटल्यावर चांगल्या कादंबऱ्या बाहेर राहणारच, परीक्षक साक्षात ज्ञानेश्वर असले तरी!

जुनं उदाहरण घ्या. १९६३ साली नेमाड्यांची 'कोसला' आली. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा कथासंग्रह आला, 'जेव्हा मी जात चोरली होती'. मराठी गद्य या दोन पुस्तकांच्या आधी वेगळं होतं आणि नंतर वेगळं झालं, याबद्दल आज फारसा वाद होणार नाही. त्या काळातले अकादमी पुरस्कार बघा: १९६३ पेंडशांचं 'रथचक्र', १९६४ रणजित देसाईंची 'स्वामी', १९६५ पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली', १९६६ शेजवलकरांचं 'श्री शिवछत्रपती'. यातल्या कुठल्या पुस्तकाला "हे कशाला दिलं?" म्हणाल? 'रथचक्र' तर माझ्या मते मराठीतल्या पहिल्या दहांत बसेल. म्हणजे कोणी अन्याय केला असं नाही. जागा एक होती, आणि नवीन भाषेत बोलणारं पुस्तक पचायला जो वेळ लागतो तेवढ्यात मुदत संपून गेली.

यानंतर जे होतं ते जास्त गंमतीचं आहे. लेखक मोठा आहे हे हळूहळू सगळ्यांना कळतं. मग त्याला द्यायचं राहून गेलं याची रुखरुख लागते. पण जुनं पुस्तक मुदतीबाहेर. मग त्याचं जे ताजं पुस्तक हाताशी असेल त्याला दिलं जातं. नेमाड्यांना अकादमी मिळाला १९९१ साली, 'टीकास्वयंवर' या समीक्षेसाठी. गंगाधर गाडगीळ, ज्यांच्या नावाशिवाय नवकथेचा इतिहास लिहिताच येत नाही, त्यांना १९९६ साली, 'एका मुंगीचे महाभारत' या आत्मचरित्रासाठी. 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांना १९८५ साली, पुन्हा आत्मचरित्रासाठीच. ('रणांगण' १९३९ चं, तेव्हा अकादमीच नव्हती, हे मान्य.) 'रात्र काळी, घागर काळी' आणि 'कोंडुरा' लिहिणारे खानोलकर १९७६ साली गेले, त्यांना पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि आरती प्रभू म्हणून, कवितेसाठी. व्यंकटेश माडगूळकरांना निदान कादंबरीसाठी मिळाला, पण 'बनगरवाडी' १९५५ ची आणि पुरस्कार १९८३ चा, 'सत्तांतर'ला.

थोडक्यात, कादंबरीकाराला पुरस्कार मिळतो, पण त्याच्या त्या कादंबरीला मिळत नाही. त्यात "एकदाच" हा नियम. 'टीकास्वयंवर'ला मिळाला म्हटल्यावर २०१० साली आलेली 'हिंदू' आपोआप शर्यतीबाहेर. पुढे २०१४ चं ज्ञानपीठ नेमाड्यांना मिळालं, पण ज्ञानपीठ आता एकूण कर्तृत्वासाठी देतात, एका पुस्तकासाठी नाही. (१९७४ साली खांडेकरांना मिळालं तेव्हा ते 'ययाति'साठी होतं.)

काही लोक तर या उशिराच्या गाडीतही बसू शकले नाहीत. भाऊ पाध्ये १९९६ साली गेले. 'वासूनाका' आणि 'राडा' लिहून मुंबईच्या नाक्यावरची भाषा त्यांनी मराठीत आणली. अकादमी नाही. बागुल २००८ साली गेले. अकादमी नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. अकादमी नाही. किरण नगरकरांनी १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठीत लिहिलं, आणि अकादमी मिळाला २००० साली, इंग्रजी 'ककल्ड'ला!

आता कोणी म्हणेल की अकादमी उपेक्षितांच्या लेखनाला घाबरते. तेही खरं नाही. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'ला १९८१ साली मिळाला, म्हणजे पुस्तक ताजं असतानाच. 'उचल्या'ला १९८८ साली. नामदेव कांबळ्यांच्या 'राघववेळ'ला १९९५ साली मिळाला आणि ती कादंबरी आहे. पण मला असं वाटतं, की आत्मकथन "खरं" असतं म्हणून त्याला मान देणं समितीला सोपं जातं. तेच वास्तव बागुलांसारखा कथाकार कल्पनेतून पेटवून समोर ठेवतो, तेव्हा "कलात्मकदृष्ट्या जरा भडक" असे शेरे सुरू होतात. तीन जणांचं एकमत ज्या पुस्तकावर होतं ते सहसा कोणालाच फार न टोचणारं असतं. हे अकादमीचंच नाही, टॉलस्टॉय १९१० पर्यंत जिवंत होता आणि नोबेलवाल्यांना १९०१ पासून तो दिसला नाही.

मग पुरस्कार बंद करावेत का? मुळीच नाही. अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांचे इतर भारतीय भाषांत अनुवाद करते, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, दुकानात ते समोर दिसतं. 'बारोमास'ला २००४ साली मिळाला म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्याची गोष्ट माझ्यासारख्या कितीतरी जणांपर्यंत पोचली. आणि आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना तर ही यादी जास्तच लागते. दोन वर्षांतून एकदा पुण्याला जाणं होतं, अप्पा बळवंत चौकात एक दुपार मिळते आणि बॅग तेवीस किलोची. त्यात दहा-बारा पुस्तकं बसतात. तेव्हा माणूस काय करतो? "अकादमी विजेती" असा शिक्का बघून उचलतो. माझ्या कपाटात 'टीकास्वयंवर' आधी आलं आणि 'कोसला' चार वर्षांनी, ते याच हिशेबाने. पुढच्या पिढीला आपल्याकडून मराठी म्हणून जे मिळणार ते या कपाटातून. म्हणून यादीतून काय गळतं हा प्रश्न मला नुसता गप्पांचा वाटत नाही.

माझ्या तीन सूचना. एक, कथा-कादंबरीला स्वतंत्र पुरस्कार असावा. समीक्षा आणि कादंबरी यांची तुलना म्हणजे भाकरी आणि तवा यांत चांगलं कोण असं विचारणं. दोन, बुकरसारखी अंतिम फेरीतली पुस्तकं निकालाआधी वाजतगाजत जाहीर करावीत, म्हणजे एकाऐवजी पाच-सहा पुस्तकांवर बोलणं होईल. तीन, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतून दरवर्षी एक निवडावं. तोवर धूळ खाली बसलेली असते, पुस्तक टिकलं की नाही ते दिसतं, आणि लेखक हयात असेल तर त्याला त्याच्या खऱ्या पुस्तकासाठी हार मिळेल.

हे होईपर्यंत आपण एक करू शकतो. पुढच्या खेपेला विजेत्याचं पुरस्कारप्राप्त पुस्तक घ्याच, पण दुकानदाराला हेही विचारा, "यांचं सगळ्यात गाजलेलं कुठलं?" आणि बॅगेत जागा उरली तर भाऊ पाध्ये टाका.

तुमच्या मते कुठली कादंबरी राहून गेली? कारणासकट लिहा, नुसती नावं नकोत.

चू. भू. द्या. घ्या.