चालता संगणक भंगारात घालायचा नाही!

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. पण विषय शाळेच्या वर्गणीचा, ग्रामपंचायतीच्या निधीचा आणि तुमच्या-माझ्या खिशाचा आहे. तेव्हा चहा घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट देणं बंद केलं. म्हणजे तुमचा संगणक बंद पडला का? नाही. आदल्या दिवशी चालत होता तसाच दुसऱ्या दिवशी चालला. फक्त सुरक्षेची जी दर महिन्याला डागडुजी व्हायची, ती थांबली. यावर कंपनीचं उत्तर काय? विंडोज ११ वर या. आणि विंडोज ११ काय म्हणतं? तुमचं मशीन आमच्या यादीत बसत नाही, नवीन घ्या.

म्हणजे पाण्याची लाईन तोडणार तुम्ही, आणि वर आम्हालाच सांगणार की तुमचा नळ जुना आहे, घर नवीन बांधा!

आता ही यादी काय आहे ते बघू. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. खरी मेख पुढे आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा हवा. हा प्रोसेसर बाजारात आला २०१७-१८ च्या सुमारास. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे जेमतेम चार-पाच वर्षांची मशीनं पहिल्याच दिवशी बाद! आपल्याकडे चार वर्षांच्या मिक्सरला कुणी जुना म्हणत नाही हो.

आणि गंमत ऐका. सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर कंपनीने नंतर यादीत घेतले. त्यात एक कुठला होता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमधला. आपलं विकलेलं मशीन अडकलं की नियम वाकतो, चिपळूणच्या शाळेतलं अडकलं की नियम म्हणजे नियम.

चिपळूणचं नाव उगाच घेतलेलं नाही. २२ जुलै २०२१ चा पूर आपण कुणी विसरलेलो नाही. बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं. त्या पाण्यात किती सीपीयू गेले त्याची मोजदाद नाही. माझ्या दुकानात चिखलाने भरलेल्या कॅबिनेटची रांग लागली होती. त्यानंतर लोकांनी काय घेतलं? नवीन घ्यायची ऐपत कुणाची होती? मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून बाहेर पडलेले सेकंडहँड संगणक घेतले. सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाईव्ह, दणकट माल. हिशेब, जीएसटी, बिलं, मुलांचा ऑनलाईन अभ्यास, सगळं त्यावर उभं राहिलं. आज तीच सगळी मशीनं यादीबाहेर आहेत. पुरातून सावरलेल्या माणसाला पुन्हा खर्चात घालायचं, आणि तेही मशीन ठणठणीत असताना!

कुणी म्हणेल, अहो, सुरक्षेसाठी करतायत ते. मुद्दा खोटा नाही. टीपीएम चिपमुळे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जास्त सुरक्षित राहतात, हे मलाही मान्य आहे. पण मग मला एक सांगा. विंडोज १० सुरक्षित ठेवता येतच नसेल, तर त्याचेच सुरक्षा अपडेट कंपनी विकते कशी? घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट मिळतील असं जाहीर केलंच ना? त्यासाठी तीन वाटा ठेवल्या: ३० डॉलर भरा, नाहीतर कंपनीचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर तुमच्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चढवा. धंदेवाल्यांसाठी पहिल्या वर्षाचा दर एका मशीनला ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. म्हणजे औषध तयार आहे, दुकानात मांडलेलंही आहे. तांत्रिक अडचण कुठेच नाही, प्रश्न फक्त पैशाचा किंवा तुमच्या खात्याचा आहे.

युरोपात काय झालं तेही बघा. तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या लोकांना तेच वर्ष मोफत आणि बॅकअपची अट न घालता मिळालं. खातं मात्र तिथेही लागतंच. आपण गप्प बसलो, आपल्याला अटी लागल्या.

बरं, एवढा खर्च करून नवीन मशीन घेतलं, तर मिळतं काय?

पहिली गोष्ट, घरगुती मशीन चालू करायलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपल्याच घराचं कुलूप उघडायला बिल्डरकडे नाव नोंदवायचं! त्याला बगल देण्याच्या ज्या युक्त्या आम्ही मेकॅनिक लोक वापरायचो, त्याही एकेक करून बंद करत आणल्यात.

दुसरी गोष्ट वनड्राईव्ह. सेटअप करताना नीट पाहिलं नाही तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटमधल्या फायली त्यांच्या क्लाउडवर जायला लागतात. फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की पैसे भरा म्हणून मागे लागणार.

तिसरी गोष्ट एन्क्रिप्शन. नव्या विंडोज ११ मध्ये खात्याने सेटअप केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाते. चोरीच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण आपल्याकडे खातं कोण उघडतं? दुकानदार, भाचा, नाहीतर शेजारचा पोरगा. पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही, मोबाईल नंबर बदललेला. उद्या मशीनने किल्ली मागितली तर लग्नाचे फोटो आणि दहा वर्षांचे हिशेब डोळ्यांसमोर असून हाताला लागणार नाहीत. नवीन मशीन घेतलं असेल त्यांनी आजच रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. बाकी पोस्ट विसरलात तरी चालेल, एवढं करा.

चौथी गोष्ट, स्टार्ट मेनूत शिफारशींच्या नावाखाली जाहिराती. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर जाहिरात! टास्कबार बाजूला किंवा वर न्यायची साधी सोय विंडोज ११ आलं तेव्हा काढून टाकली. राईट क्लिकचा जुना मेनू एका जादा क्लिकच्या मागे नेऊन ठेवला. आणि मे २०२४ मध्ये रिकॉल नावाचा प्रकार जाहीर केला, जो तुमच्या स्क्रीनचे सतत फोटो काढून साठवणार होता. जगभर बोंब झाली तेव्हा लांबणीवर टाकला आणि नंतर ‘हवं असेल तरच चालू करा’ असं केलं.

यातूनच सांगतो, बोंब मारल्याने फरक पडतो. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं होतं, आठवतंय? लोकांनी ते विंडोज हातात धरलं नाही. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. व्हिस्टाचंही तेच, लोक एक्सपीला चिकटून राहिले. २००१ चं एक्सपी कंपनीला एप्रिल २०१४ पर्यंत सांभाळावं लागलं. ग्राहक अडाणी नसतो. त्याला काम करायचं असतं, एवढंच.

मग आता करायचं काय?

तालुक्यातल्या एका शाळेचं उदाहरण देतो, नाव घेत नाही. लॅबमध्ये १४ मशीनं. सहाव्या पिढीचे आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम. एका विक्रेत्याने सांगितलं, सगळी भंगारात काढा, नवीन कोटेशन देतो. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. “अहो, खरंच टाकायची का हो ही?” मी म्हटलं, सर, एकही टाकायचं नाही. प्रत्येकात एक एसएसडी घातली आणि लिनक्स मिंट टाकलं. एका नव्या संगणकाच्या पैशात चार-पाच मशीनं मार्गी लागली. आज त्यावर पोरं लिबरऑफिसमध्ये निबंध टाईप करतात, ब्राउझरमध्ये स्क्रॅच करतात. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच, सेटिंगमध्ये जाऊन चालू केला की झालं. पाचवीच्या पोरांना तर फरक कळलाही नाही. फरक कळला तो आम्हा मोठ्यांनाच.

लिनक्स म्हणजे कुठल्या शास्त्रज्ञाचं खूळ नाही. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. मिंट फुकट आहे, खातं मागत नाही, जाहिरात दाखवत नाही. त्याची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेणार आहे. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला तासाभरात सवय होते. पेनड्राईव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. आवडलं तर टाका, नाहीतर पेनड्राईव्ह काढून घ्या.

पण उगाच गाजर दाखवणार नाही. टॅली, कोरल ड्रॉ, श्रीलिपी, विंडोजसाठीचं ऑटोकॅड यावर जसंच्या तसं चालत नाही. डीटीपीवाले, सीए, डिजिटल सहीचं डोंगल आणि अंगठ्याचं मशीन वापरणारी सेवा केंद्रं, तुम्ही घाईने उडी मारू नका. कामाचं एक मशीन विंडोजवर ठेवा, जादा वर्षाची नोंदणी करून घ्या. पण घरातलं ब्राउझिंग, पत्रलेखन, युट्यूब, मुलांचा अभ्यास, वाचनालयाची नोंदवही यासाठी ५०-६० हजार घालायची गरज नाही. म्हणजे नाही.

आता सरकारकडे वळू. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली कधीच बनवली आहे. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात आणि त्यावरच परीक्षा देतात. ती मुलं मागे पडली का? आणि आपल्याकडे? एमएस-सीआयटी मधलं ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण निम्म्या लोकांना ते मायक्रोसॉफ्टच वाटतं. त्यात त्यांची काय चूक? २००१ पासून आपण संगणक शिकवतो म्हणजे बहुतेक एकाच कंपनीच्या खिडक्या उघडायला शिकवतो.

हे फक्त पैशाचं नाही. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचं काय झालं ते आठवा. युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने भारतात काम करणाऱ्या त्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या रिफायनरीवाल्यांची ही गत, तर आपल्या पंचायत समितीचं काय घेऊन बसलात? किल्ली ज्याच्या हातात, घर त्याचं.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत:

१. शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत यांनी ‘विंडोज ११ चालत नाही’ एवढ्याच कारणावरून एकही चालतं मशीन निर्लेखित करू नये. आधी तपासणी, मग ठराव.

२. खरेदीच्या निविदेत कंपनीचं नाव नको, कामाचं वर्णन हवं.

३. सरकारी पोर्टल, डिजिटल सही आणि अंगठ्याची यंत्रणा लिनक्सवरही धड चालली पाहिजे. नागरिकाला सरकारी दाखल्यासाठी परदेशी कंपनीचा ग्राहक व्हायला लावणं चूक आहे.

४. एमएस-सीआयटी आणि शाळेच्या अभ्यासक्रमात मुक्त सॉफ्टवेअर नावापुरतं नको, हाताने वापरायला हवं.

जगभरात २४ कोटी पीसी या निर्णयामुळे भंगारात जाऊ शकतात, असा कॅनालिस या संस्थेचा २०२३ चा अंदाज होता. त्यातला आपल्या तालुक्यातला वाटा तरी आपण वाचवू शकतो.

तुमच्या गावच्या शाळेत पुढच्या पालकसभेला एवढंच विचारा: “जुनी मशीनं टाकताय, ती कुणी तपासली?” उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. आणि घरच्या मशीनचं कळत नसेल तर दुकानात घेऊन या. पेनड्राईव्हवरून मिंट चालवून दाखवायचे पैसे घेत नाही. चहा मात्र तुमच्याकडून.