जिच्या हाती मतदारयादी

येत्या २६ ऑगस्टला अमेरिकेत महिला समता दिन आहे. १९२० साली याच तारखेला तिथल्या राज्यघटनेतील एकोणिसाव्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब झाले आणि बाई आहे म्हणून कोणाचे मत नाकारता येणार नाही, असे ठरले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना तो हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले, हेही या दिवशी विसरून चालणार नाही. यंदा या दिवसाची भाषणे विरतात न विरतात तोच निवडणुकीचा हंगाम सुरू होईल. अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा आणि कितीतरी राज्यांची गव्हर्नरपदे पणाला लागली आहेत. आपल्याकडची वर्तमानपत्रे येते दोन महिने ट्रम्प यांच्या सभा आणि जनमत चाचण्या यांनी भरून जातील. त्या गदारोळात ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही, अशा एका संस्थेविषयी आज लिहायचे आहे. ती म्हणजे गावोगावचा रिपब्लिकन महिला क्लब. इथे रिपब्लिकन म्हणजे अर्थातच लिंकन यांचा आणि आज ट्रम्प यांच्या मुठीत असलेला पक्ष. आपल्याकडच्या आंबेडकरी परंपरेतल्या पक्षाशी त्याचा संबंध नाही.

असा क्लब बहुधा महिन्यातून एकदा भरतो. गावातल्या एखाद्या रेस्टॉरंटची मागची खोली किंवा सार्वजनिक हॉल, दुपारच्या जेवणाची वेळ, तीस-चाळीस बायका. दाराशी टेबल मांडलेले असते. त्यावर नावांचे बिल्ले, वर्गणीची पावतीपुस्तके, सोडतीची तिकिटे आणि एका कडेला कामासाठी नाव नोंदवण्याचा कागद. आधी प्रार्थना, मग राष्ट्रध्वजासमोर प्रतिज्ञा, मग मागच्या सभेचे इतिवृत्त आणि खजिनदार बाईंचा हिशेब. त्यानंतर पाहुणा बोलतो. तो सिनेटर क्वचितच असतो. बहुतेकदा शेरीफपदाचा नाहीतर शाळा मंडळाचा उमेदवार असतो, आणि त्याला प्रश्न विचारले जातात ते कर, रस्ते आणि शाळेतल्या अभ्यासक्रमाविषयी. पुरुषांना क्लबात येता येते, पण सहयोगी सदस्य म्हणून. त्यांना मत नसते, पद नसते. निवडणूक नसलेल्या महिन्यांत वाचनालयाला पुस्तके देणे, परदेशी तैनात सैनिकांसाठी खाऊची खोकी भरणे, शिष्यवृत्ती देणे, नवमतदारांची नोंदणी करणे अशी कामे चालतात. कोणी किती तास काम केले ते लिहून ठेवतात आणि त्याचा गोषवारा राज्याच्या महासंघाकडे जातो. हे वर्णन वाचून आपल्या भगिनी मंडळाची आठवण व्हावी, इतके ते ओळखीचे आहे. न्यू जर्सीच्या नाहीतर शिकागोच्या महाराष्ट्र मंडळात कार्यकारिणी, घटना आणि हिशेबतपासणी यांवरून वाद घातलेल्या मराठी बाईला तर त्या खोलीत गेल्यावर मुळीच परके वाटणार नाही.

फरक दिसतो तो सप्टेंबरपासून. मग हाच क्लब प्रचाराचा कारखाना होतो. पक्षाकडून मतदारांची यादी येते, हल्ली मोबाईलच्या अॅपवर. या गल्लीत जायचे, या सात दारांवर टकटक करायची, मधली पाच सोडायची. कारण त्या सातांनी मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत दिले होते, पण मध्यावरच्या निवडणुकीत घरीच बसले होते. कोणी मत दिले हे तिथे सार्वजनिक दप्तरात असते. कोणाला दिले हे गुप्त असते. टपालाने आलेली मतपत्रिका कोणी परत पाठवली हेही अनेक राज्यांत रोजच्या रोज कळते. त्यामुळे ज्यांची पोचली त्यांची नावे खोडायची आणि उरलेल्यांना फोन करायचा, हे काम शेवटचे दोन-तीन आठवडे चालते. कोणाला गाडी हवी, कोणाच्या नवऱ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, कोणाचा मुलगा कॉलेजात परगावी आहे आणि त्याची मतपत्रिका कोठे जाईल, हे अॅपला ठाऊक नसते. क्लबातल्या बाईला असते.

हे काम सोपे नाही, आणि वरच्या नेत्यांनी ते अधूनमधून अवघडही करून ठेवले आहे. २०२० साली खुद्द ट्रम्प टपाली मतदानावर तुटून पडले. नेता म्हणतो ते खोटे कसे म्हणायचे, म्हणून पक्षाच्या मतदारांनी मतदानाच्या दिवसाचीच वाट पाहिली. २०२३ मध्ये पक्षाला उपरती झाली आणि ‘मत आधीच बँकेत जमा करा’ अशी मोहीम निघाली. कालपर्यंत जी पद्धत लबाडीची म्हणून सांगितली जात होती तीच आता वापरा, हे दारोदार जाऊन पटवण्याची पाळी आली ती याच कार्यकर्त्यांवर. नेत्याची जीभ घसरते आणि निस्तरावे लागते तळाच्या माणसाला, हा अनुभव काही एका देशाचा नाही.

हे क्लब एका छत्राखाली आले ते पराभवातून. १९३६ साली रूझवेल्ट यांच्यासमोर रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांना मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये मिळाली. पक्ष भुईसपाट झाला होता. मेनच्याच मॅरियन मार्टिन या राज्य सिनेटर राहिलेल्या बाईंकडे पक्षाने महिलांचे काम सोपवले. त्यांनी विखुरलेले क्लब हेरले आणि १९३८ मध्ये शिकागोत ११ राज्यांतल्या प्रतिनिधींना बोलावून राष्ट्रीय महासंघ उभारला. मार्टिनबाईंचे सूत्र स्पष्ट होते. स्त्रियांनी कोणा एका पुढाऱ्याच्या किंवा गटाच्या दावणीला बांधून घेऊ नये, निष्ठा पक्षाशी असावी. पक्षांतर्गत प्राथमिक लढतीत क्लबाने एका उमेदवाराची बाजू घ्यायची नाही, हा शिरस्ता त्याच विचारातला. पण १९४६ अखेर पक्षातल्या वरिष्ठांना मार्टिनबाई नकोशा झाल्या आणि त्यांना जावे लागले. संघटना त्यांनी उभी केली होती; त्यांना काढण्याचा अधिकार मात्र त्या संघटनेकडे नव्हता, पुरुषांकडे होता.

हीच गाठ वीस वर्षांनी आणखी घट्ट आवळली गेली. इलिनॉयमधल्या ऑल्टन गावच्या फिलिस श्लाफली या सहा मुलांच्या आई, क्लबातून वर चढत महासंघाच्या प्रथम उपाध्यक्ष झाल्या होत्या. १९६४ मध्ये पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी उभे राहिलेले कडवे उजवे गोल्डवॉटर यांच्या बाजूने त्यांनी स्वतः छापून काढलेले पुस्तक लाखोंनी खपले. गोल्डवॉटर सपाटून हरले, आणि त्यांच्या गटाची बाई महासंघाच्या अध्यक्षपदी बसू नये असे पक्षातल्या मवाळांना वाटू लागले. १९६६ साली कॅलिफोर्नियात व्हायचे अधिवेशन पुढे ढकलून १९६७ मध्ये वॉशिंग्टनला नेण्यात आले. हे आपल्याला पाडण्यासाठीच, असा श्लाफली गटाचा आरोप होता. सहा मुले सांभाळून ही बाई काय अध्यक्षपद निभावणार, असेही बोलले गेले. दोन्ही बाजूंनी बसगाड्या भरून बायका आल्या, आणि श्लाफली ग्लॅडिस ओडॉनेल यांच्याकडून हरल्या.

त्यांनी पुढे जे केले त्याला आमच्या लेखी फार मोल आहे. आपल्यामागे उभ्या राहिलेल्या बायकांची नावे-पत्ते त्यांनी जपून ठेवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतःचे मासिक वार्तापत्र सुरू केले. पद गेले, यादी हाती राहिली. १९७२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती अमेरिकी काँग्रेसने मंजूर करून राज्यांकडे पाठवली, तेव्हा ती अडवण्यासाठी त्यांनी हीच यादी बाहेर काढली. गावोगावच्या गृहिणी घरी भाजलेले पाव आणि घरचा मुरंबा घेऊन आमदारांच्या दारात उभ्या राहिल्या. दुरुस्तीला ३८ राज्ये हवी होती. ३५ वर गाडे अडले आणि १९८२ मध्ये मुदत संपली. ज्या पक्षाने १९४० सालीच या दुरुस्तीला आपल्या जाहीरनाम्यात जागा दिली होती, त्याच पक्षाने १९८० मध्ये पाठिंबा काढून घेतला. श्लाफलीबाईंचे उद्दिष्ट आम्हाला मुळीच मान्य नाही. बाईची जागा घरात आहे हे सांगण्यासाठी बाईने आयुष्यभर घराबाहेर राजकारण करावे, यातली विसंगतीही उघड आहे. तरीही संघटना म्हणजे काय, हे त्यांना त्यांच्या विरोधकांपेक्षा चांगले कळले होते.

या क्लबांविषयी आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते खरे आहेत. त्यांचा तोंडवळा बहुतांशी गोरा आणि उतारवयाचा आहे. १९८० पासून अमेरिकी स्त्रियांचा कल पुरुषांपेक्षा डेमोक्रॅटिक पक्षाकडे अधिक राहिला आहे. गर्भपाताचा राष्ट्रव्यापी हक्क २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतल्यावर ते अंतर हा पक्षाच्या चिंतेचा विषय झाला. पण मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य गेल्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत ट्रम्प यांच्या बाजूने होत्या, हेही तितकेच खरे. स्त्री म्हणून सगळ्या एकाच बाजूला उभ्या राहतील ही समजूत भाबडी आहे. वर्ग, वर्ण, धर्म आणि गाव यांच्या ओढी स्त्रीलाही असतात, आणि तिला तिच्या मतांसकट मोजावे लागते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. इतके राबून या बायकांच्या पदरात काय पडते? २०१८ च्या निवडणुकीनंतर प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन स्त्रिया उरल्या अवघ्या १३. डेमोक्रॅटिक बाजूने ‘एमिलीज लिस्ट’ ही संस्था १९८५ पासून स्त्री उमेदवारांना प्राथमिक लढतीतच पैसा पुरवत आली होती. रिपब्लिकन पक्षाला मात्र बाई म्हणून कोणाला हात देणे हे तत्त्वात बसत नव्हते. न्यूयॉर्कच्या खासदार एलिस स्टेफनिक यांनी प्राथमिक लढतीत स्त्रियांना मदत करायचे ठरवले, तेव्हा पक्षाच्याच प्रचार समितीच्या प्रमुखांनी ती चूक असल्याचे जाहीरपणे म्हटले. स्टेफनिक यांनी ऐकले नाही. २०२० मध्ये तेराचा आकडा दुपटीहून अधिक झाला. अर्थात आजही डेमोक्रॅटिक स्त्री खासदार त्यांच्या जवळपास तिप्पट आहेत. राबणे आणि निवडून येणे यांच्यामध्ये उमेदवारी नावाची भिंत आहे, ती श्रमाने आपोआप पडत नाही.

तरीही तिथे त्या भिंतीला एक दार आहे, आणि आपल्याकडे ते नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. त्या मतदानाला लोक कमी येतात, म्हणून पाच-सातशे घरे नावानिशी ओळखणारी बाई गावपातळीवर निकाल फिरवू शकते. या दारातून पैसाही आत शिरतो. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी जिंकले, ती स्थानिक पुढाऱ्यांच्या पसंतीविरुद्ध आणि स्वतःची मोठी रक्कम ओतून. पण निदान तिथे जिंकण्या-हरण्याचा निर्णय उघड्यावर होतो. आपल्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी बंद लिफाफ्यातून एबी फॉर्म येतो, आणि पाच वर्षे वॉर्डात पायपीट केलेल्या कार्यकर्तीऐवजी कोणाची तरी पत्नी, सून नाहीतर मुलगी उमेदवार होते.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. हजारो बायका निवडून येतात, कितीतरी उत्तम काम करतात. पण २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी दोन डझनही स्त्रिया पोचल्या नाहीत. प्रत्येक पक्षाला महिला आघाडी आहे. सभेला गर्दी, हळदीकुंकू, साडीवाटप आणि ‘लाडक्या बहिणीं’चे अर्ज भरून देणे ही कामे तिच्याकडे. तिच्या अध्यक्षा नेमल्या जातात आणि काढल्या जातात, निवडल्या जात नाहीत. तिची सदस्ययादी, वर्गणी, हिशेब यांबद्दल कोणी विचारत नाही. ज्या संघटनेची तिजोरी आणि यादी दुसऱ्याच्या कपाटात असते, तिला हक्काने काही मागता येत नाही.

अशी स्वतःची संघटना बांधणे आपल्याला कधी जमलेच नाही असे नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एका समितीत होत्या. घासलेट, तेल, साखर हे विषय घेऊन चाळीचाळींतून त्यांनी जी जाळी विणली, तिच्यामुळे राज्यकर्त्यांना घाम फुटला. पाच वर्षांनी त्या दोघी लोकसभेत गेल्या. आधी वस्ती, मग मोर्चा, मग संसद असा तो क्रम होता.

महिला धोरणाची आश्वासने प्रत्येक निवडणुकीआधी मिळतातच. त्यांऐवजी महिला आघाडीतल्या बायकांनी आपापल्या पक्षाकडे चारच गोष्टी मागाव्यात: सदस्यांची नोंद आपल्याकडे, वर्गणीचा हिशेब आपल्याकडे, पदाधिकारी आपल्या मतांनी आणि उमेदवारीच्या बैठकीत आपली प्रतिनिधी. यांतले काहीच द्यायला पक्ष तयार नसेल, तर पुढच्या प्रचाराला मतदारयादीच्या चिठ्ठ्या वाटायलाही त्याने दुसरी माणसे शोधावीत.